वाचकांचे प्रश्न : गेम चालतो, पण बोलत नाही

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंसाठी गेम तयार करणाऱ्यांची आहेत. कुणाचं इंजिन वेगळं, कुणाची भाषा वेगळी. तक्रार मात्र थोड्याफार फरकाने एकच. आपल्या मशीनवर सगळं सुरळीत, दुसरीकडे गेम मुका. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एनव्हीडीए, जॉज आणि नॅरेटर हे विंडोजवरचे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्राम; ऑर्का लिनक्सवरचा, टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर फोनवरचे.

प्रश्न : पायथन आणि पायगेम (पायथनची गेम-लायब्ररी) वापरून शब्दकोड्यांचा गेम केला आहे. एनव्हीडीए चालू असताना खिडकीचं शीर्षक तेवढं ऐकू येतं, मेन्यू वाचला जात नाही. एक तयार लायब्ररी घालून तो माझ्या लॅपटॉपवर बोलता केला, पण पायइन्स्टॉलरने (पायथनचा कोड ईएक्सई म्हणून बांधणाऱ्या साधनाने) केलेली ईएक्सई मैत्रिणीच्या लॅपटॉपवर गप्प आहे. एररही दिसत नाही.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पायगेम पडद्यावर चित्र रंगवतं. हे बटण, ही यादी, हा मजकूर, असं विंडोजला कळावं असं त्यात काहीच नसतं. स्क्रीन रीडर विंडोजकडे चौकशी करतो तेव्हा त्याला एक रिकामी खिडकी आणि तिचं नाव एवढंच मिळतं. एसडीएल या चित्र-आवाज हाताळणाऱ्या लायब्ररीवर उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्या फ्रेमवर्कचं हेच आहे. म्हणून मजकूर आपणच स्क्रीन रीडरला नेऊन द्यायचा. एनव्हीडीएसाठी ते काम कंट्रोलर क्लायंट नावाची छोटी डीएलएल (गेमला जोडायची कोडची फाइल) करते, जॉजसाठी ‘फ्रीडमसाय.जॉजएपीआय’ हा कॉम ऑब्जेक्ट (विंडोजमधले प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात तो दुवा) करतो. टोल्क किंवा ॲक्सेसिबल आउटपुट २ या लायब्रऱ्या आतून हेच दरवाजे ठोठावतात.

ईएक्सई गप्प होण्याची कारणं बहुधा तीन असतात. ती याच क्रमाने तपासा.

पहिलं, डीएलएल पॅकेजमध्ये गेलेलीच नसते. पायइन्स्टॉलर तुमच्या इम्पोर्ट ओळींचा माग काढतो. पण जी डीएलएल नुसत्या नावाने, चालू गेममध्ये उघडली जाते ती त्याला दिसत नाही. लायब्ररीच्या नावासह ‘कलेक्ट-डेटा’ हा पर्याय द्या, किंवा फाइल ‘ॲड-बायनरी’ने स्वतः घाला. एकाच फाइलची ईएक्सई चालताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. त्यामुळे कोडमध्ये ‘आहे त्याच फोल्डरमध्ये शोध’ असं लिहिलं असेल तर तिथे डीएलएल सापडत नाही. शिवाय पायथन ३.८ पासून डीएलएलच्या अवलंबनांसाठी पाथ आणि चालू फोल्डर धुंडाळले जात नाहीत. पूर्ण पत्ता द्या किंवा ‘ॲड डीएलएल डिरेक्टरी’ वापरा. सुरुवातीला एका फाइलचा हट्ट सोडून फोल्डरच्या स्वरूपातली बिल्ड करा. फोल्डर उघडला की डीएलएल आहे की नाही हे डोळ्यांनी किंवा स्क्रीन रीडरने तिथल्या तिथे कळतं.

दुसरं, बिटांचा मेळ नसतो. ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटची डीएलएल उघडत नाही. पायथन अशा वेळी विनएरर १९३ देतं. फाइलच सापडली नाही तर १२६, किंवा पायथन ३.८ पासून ‘फाइलनॉटफाउंडएरर’. तुम्हाला एरर दिसली नाही कारण बहुतेक लायब्रऱ्या ती गिळतात, ‘हा स्क्रीन रीडर उपलब्ध नाही’ असं ठरवतात आणि पुढे जातात. लायब्ररीचा तो ‘एक्सेप्ट’ तात्पुरता काढून एकदा चालवून पाहा, खरी एरर समोर येईल. आपलं पायथन किती बिटचं आहे हे ‘स्ट्रक्ट’ मॉड्यूलच्या ‘कॅल्कसाइझ’ला कॅपिटल पी देऊन कळतं : ४ आलं तर ३२ बिट, ८ आलं तर ६४. इथे एक गैरसमज नेहमी होतो. जुळवायचं ते गेम आणि डीएलएल यांचं; एनव्हीडीए स्वतः किती बिटचा आहे याचा संबंध नाही, कारण पुढचं बोलणं दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं.

फाइलच्या नावाकडेही लक्ष द्या. पूर्वी या डीएलएलच्या नावातच ३२ किंवा ६४ असायचं. एनव्हीडीए २०२४.१ बरोबर आलेल्या नव्या संचात मात्र वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाची फाइल असते. टोल्क जुनंच नाव शोधतो. नवी फाइल जुन्या नावाने ठेवली नाही तर सगळं जागेवर असूनही आवाज येत नाही.

तिसरं कारण साधं, पण फसवं. एनव्हीडीए चालू आहे का असं विचारणारं फंक्शन ‘हो’साठी ० परत देतं, आणि पायथनमध्ये ० म्हणजे ‘नाही’. थेट ‘इफ’मध्ये घातलं की अर्थ उलटा होतो, ० शी तुलना करूनच लिहा.

स्क्रीन रीडर सापडला नाही तर सॅपी ५ कडे (विंडोजच्या स्वतःच्या बोलत्या आवाजाकडे) वळायचं, पण तिथे बोलण्याच्या हुकमाबरोबर ३ हा फ्लॅग द्या. १ म्हणजे ‘थांबू नकोस, मागे बोलत राहा’ आणि २ म्हणजे ‘आधीचं बोलणं तोडून टाक’. दोन्ही मिळून ३. फ्लॅग न देता बोलायला लावलं तर वाक्य संपेपर्यंत गेम गोठतो. वेगळ्या थ्रेडमधून बोलत असाल तर त्या थ्रेडमध्ये ‘कोइनिशियलाइझ’ आधी करावं लागतं. आणि मजकूर बदलला तरच बोला. सेकंदाला ६० फ्रेम असलेल्या लूपमध्ये ही अट विसरली तर सेकंदाला ६० वेळा तेच वाक्य सुरू होऊन तुटतं, आणि ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू येते.

विंडोज प्रो असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ सुरू करा. दर वेळी कोरं विंडोज मिळतं, त्यात पायथन नसतं, तुमच्या लायब्रऱ्या नसतात. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत आणि तुमचा फोल्डर त्यात टाकून ‘नमस्कार’ ऐकू येतो का ते बघा. आमचं ठाम मत आहे की ही चाचणी गेमची पहिली पातळी रचायच्या आधी व्हावी. कोरं मशीन ज्या फ्रेमवर्कमधून ‘नमस्कार’ म्हणत नाही, त्यात पुढचे सहा महिने घालू नयेत.

प्रश्न : सी शार्पमधून एनव्हीडीएला वाक्य पाठवतो. डीएलएल उघडते, एरर नाही, पण मराठी मजकुराऐवजी भलतंच काहीतरी वाचलं जातं. कधी कधी गेम बंदही पडतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या ‘डीएलएल इम्पोर्ट’च्या ओळीत कॅरॅक्टर सेट लिहिलेला नसणार. तो दिला नाही तर सी शार्प मजकूर जुन्या अन्सी पद्धतीने पाठवतं. एनव्हीडीएच्या फंक्शनला मात्र प्रत्येक चिन्हासाठी दोन बाइटचा यूटीएफ-१६ मजकूर लागतो.

आत काय होतं ते ‘नमस्कार’ या शब्दावर पाहा. त्यात न, म, स, पाय मोडण्याचं चिन्ह, क, काना आणि र अशी ७ युनिकोड चिन्हं आहेत. देवनागरीसाठी विंडोजमध्ये अन्सी कोडपेज (चिन्हांचा तक्ता) मुळातच नाही. त्यामुळे सातही चिन्हांची प्रश्नचिन्हं होतात. प्रत्येकी एक बाइट, किंमत हेक्समध्ये ३एफ. पलीकडे एनव्हीडीए दोन-दोन बाइट उचलतो. ३एफ३एफ हा आकडा युनिकोडमध्ये चिनी अक्षरांच्या विस्तारित गटात पडतो. अशी तीन अक्षरं आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह तयार होतं. मजकूर संपल्याची खूण दोन शून्य बाइटांची असायला हवी, इथे एकच असतं आणि ते त्या शेवटच्या प्रश्नचिन्हात खर्ची पडतं. मग वाचणं शेजारच्या मेमरीत घुसतं. तिथे जे असेल ते वाचलं जातं, नाहीतर गेम कोसळतो. तुमची दोन्ही लक्षणं यातूनच आली आहेत.

‘कॅरसेट’ युनिकोड असं स्पष्ट लिहा, दोन्ही तक्रारी जातील. डॉटनेट ७ (डॉटनेट म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) किंवा पुढचं वापरत असाल तर ‘लायब्ररी इम्पोर्ट’ घ्या आणि मजकुराची पद्धत यूटीएफ-१६ ठेवा. तिथे ही माहिती दिली नाही तर बिल्डच अडतं, म्हणजे चूक खेळाडूपर्यंत जात नाही. पायथनच्या सीटाइप्समध्ये साधी स्ट्रिंग आपोआप बरोबर जाते. ‘एन्कोड’ करून बाइट पाठवू नका.

हे दुरुस्त केल्यावरही मराठी कानाला खटकत असेल तर प्रश्न आवाजाचा आहे. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. एनव्हीडीएचं बटण (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि व्ही ही बटणं एकत्र दाबली की आवाजाची सेटिंग्ज उघडतात, तिथे ती निवडता येते. सॅपीवर विसंबला असाल तर एक अडचण लक्षात घ्या. विंडोजच्या सेटिंग्जमधून उतरवलेले बरेचसे नवे आवाज रजिस्ट्रीमध्ये ‘स्पीच वनकोर’खाली नोंदले जातात, आणि डॉटनेटचं ‘सिस्टिम.स्पीच’ जुनी ‘स्पीच’ नोंदच वाचतं. म्हणून नॅरेटरला जो आवाज दिसतो तो तुमच्या गेमला दिसत नाही. शिवाय ३२ बिटचे सॅपी आवाज वेगळ्या कप्प्यात असतात. ६४ बिटच्या गेमला तेही दिसणार नाहीत. आवाजांची यादी गेममध्येच दाखवा आणि निवड खेळाडूवर सोडा. एखादा आवाज असेलच असं कोडमध्ये गृहीत धरू नका.

प्रश्न : आमच्या अंध मुलांच्या शाळेत जुन्या ऑडिओ गेम्सचा संग्रह आहे. एक्सपीवर सगळे चालायचे. नवे संगणक विंडोज ११ चे आले आणि निम्मे गेम उघडतच नाहीत. तंत्रज्ञ म्हणतात, ‘जुनं आहे, सोडून द्या.’
— संगणक शिक्षक, सोलापूर

उत्तर : सोडू नका. मुलं जे गेम वर्षानुवर्षं खेळत आली आहेत त्यांतले बरेच वाचवता येतात. आधी प्रत्येक गेम कशात लिहिला आहे ते ओळखायचं.

गेम ‘डॉटनेट ३.५ हवं’ असं म्हणत असेल तर कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्सची यादी उघडा आणि ३.५ वर खूण करा. त्यातच २.० आणि ३.० येतात, ४.८ असून त्याचा उपयोग नाही, ती वेगळी शाखा आहे. शाळेत इंटरनेट धिमं असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कमधल्या ‘सोर्सेस’मधल्या ‘एसएक्सएस’ फोल्डरचा पत्ता देऊन डिझम या कमांडने तेच काम नेटशिवाय होतं. लॅबमधल्या सगळ्या मशीनसाठी हा मार्ग बरा.

एक्सएनए या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या गेम-फ्रेमवर्कवर केलेल्या गेमसाठी त्याच आवृत्तीचं एक्सएनए रीडिस्ट्रिब्युटेबल लागतं. ३.१ चा गेम ४.० वर चालत नाही. दोन्ही शेजारी शेजारी टाकता येतात. आणि एक्सएनएचा गेम सुरू होताच बंद पडत असेल तर आधी हेडफोन लावला आहे का ते बघा. विंडोजला आवाजाचं कुठलंच साधन दिसलं नाही की एक्सएनए ‘नो ऑडिओ हार्डवेअर’ म्हणून गेम पाडतं. लॅबमधल्या स्पीकर नसलेल्या डेस्कटॉपवर हे फार होतं.

काही गेम मॅनेज्ड डायरेक्टएक्सवर आहेत. हे फ्रेमवर्क मायक्रोसॉफ्टने कधीच सोडून दिलं आणि ते ३२ बिटपुरतंच राहिलं. क्रम असा ठेवा : आधी डॉटनेट ३.५, मग जून २०१० चं डायरेक्टएक्स एंड-यूझर रनटाइम. ते उलगडलेल्या फोल्डरमधून ‘डीएक्ससेटअप’ला ‘इन्स्टॉल मॅनेज्ड डीएक्स’ हा स्विच देऊन चालवा. नुसतं डबल क्लिक केलं तर मॅनेज्ड भाग पडत नाही. त्यानंतरही ‘बॅड इमेज फॉरमॅट’ची एरर आली तर गेमची ईएक्सई ‘एनी सीपीयू’ म्हणून बनलेली आहे. ६४ बिट विंडोजवर ती ६४ बिटमध्ये उघडते आणि ३२ बिटचं डायरेक्टएक्स तिला उचलता येत नाही. विंडोज एसडीकेमधल्या ‘कोरफ्लॅग्ज’ने त्या ईएक्सईवर ३२ बिटची सक्ती करा. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवा. आवाजाच्या बाजूने ‘एक्सऑडिओ२ अंडरस्कोर ७’ नावाची डीएलएल मागणारे गेमही याच जून २०१० च्या रनटाइमने सुरू होतात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याची २.९ ही आवृत्ती असते, पण २.७ मागणाऱ्या गेमला ती चालत नाही.

व्हिज्युअल बेसिक ६ चे गेम पाहून घाबरू नका. त्याचं मूळ रनटाइम विंडोज ११ मध्येही आहे. नसतो तो डायरेक्टएक्स ८ चा व्हिज्युअल बेसिकसाठीचा जोड, ‘डीएक्स८व्हीबी’ ही डीएलएल. जुन्या एक्सपी मशीनवरून तिची प्रत घ्या, ‘सिसवाऊ६४’ फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच फोल्डरमधल्या रेगएसव्हीआर३२ ने, ॲडमिन म्हणून, नोंदवा. ‘सिस्टिम३२’ मध्ये टाकू नका. ६४ बिट विंडोजवर नावाच्या उलट ते फोल्डर ६४ बिटचं असतं. अनोळखी डीएलएल साइटवरून ही फाइल उतरवू नका. दोन मशीनवरून एकत्र खेळायचे काही जुने गेम डायरेक्टप्ले मागतात. ते विंडोज फीचर्समध्ये ‘लेगसी कंपोनंट्स’खाली आहे.

१६ बिटचे गेम मात्र विंडोज ११ वर चालणार नाहीत, कारण त्याची ३२ बिट आवृत्तीच नाही. त्यांच्यासाठी एक जुनं मशीन नेटपासून तोडून राखून ठेवा.

प्रश्न : गोडो या गेम इंजिनाच्या ३ मधला आमचा गेम गोडो ४ वर नेतोय. स्क्रीन रीडरसाठीचं प्लगिन आता लोडच होत नाही. दुसरं शोधायचं का?
— दोन मित्र, रत्नागिरी

उत्तर : शोधू नका. गोडो ३ मधली नेटिव्ह प्लगिनं जीडीनेटिव्हवर होती. गोडो ४ ने ती व्यवस्था काढून जीडीएक्स्टेन्शन आणली. जुनं प्लगिन नव्याने लिहिल्याशिवाय चालणार नाही, आणि आता ते लिहायची गरजही उरलेली नाही.

सप्टेंबर २०२५ च्या ४.५ या आवृत्तीपासून गोडोमध्येच ॲक्सेसकिट (पडद्यावरच्या गोष्टी स्क्रीन रीडरला कळवणारी लायब्ररी) आहे. कंट्रोल जातीचे नोड (बटण, यादी, स्लायडर) विंडोजवर यूआय ऑटोमेशनमधून एनव्हीडीए किंवा नॅरेटरला थेट दिसतात, लिनक्सवर एटी-एसपीआयमधून ऑर्काला. तुमचं काम एवढं : चित्राच्या बटणांना ‘ॲक्सेसिबिलिटी नेम’ द्या, आणि नुसत्या लेबलवरही फोकस यावा असं वाटत असेल तर फोकस मोडमधला ॲक्सेसिबिलिटीचा पर्याय निवडा. तो स्क्रीन रीडर चालू असतानाच लागू होतो, बाकी खेळाडूंना टॅब दाबताना आड येत नाही. गुण, वेळ, ‘शत्रू जवळ आला’ अशा मजकुरासाठी एक लेबल ठेवून त्याचं ‘ॲक्सेसिबिलिटी लाइव्ह’ पोलाइट किंवा असर्टिव्ह करा. मजकूर बदलला की तो वाचला जातो. असर्टिव्ह सगळीकडे वापरू नका, प्रत्येक नवी सूचना आधीची तोडेल.

मैदान, खेळाडू, भिंती हे टूडी-थ्रीडी नोड मात्र आपोआप वाचले जात नाहीत. त्यांचं वर्णन तुम्हालाच करावं लागेल. तिथे बरेच जण गोडो ४ चं ‘टीटीएस स्पीक’ वापरतात आणि अडकतात. एक तर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ऑडिओ, जनरलखाली ‘टेक्स्ट टू स्पीच’ सुरू केलं नाही तर आवाजांची यादी रिकामीच येते. ते मुळात बंद असतं. दुसरं, विंडोजवर ते सॅपीने बोलतं, खेळाडूच्या स्क्रीन रीडरमधून नाही. एनव्हीडीए मेन्यू वाचत असताना त्याच वेळी दुसरा आवाज मैदान सांगू लागतो, वेगही वेगळा. दोन्ही एकत्र ठेवू नका. स्क्रीन रीडर असेल तर लाइव्ह लेबल, नसेल तरच टीटीएस. लिनक्सवर टीटीएससाठी स्पीच डिस्पॅचर बसवलेलं हवं.

दुसरी एखादी जीडीएक्स्टेन्शन वापरत असाल तर आवृत्तीची दिशा लक्षात ठेवा. ४.१ साठी बांधलेली ४.५ वर चालते, उलट नाही, आणि ४.० ची ४.१ वरही चालत नाही. एडिटरमध्ये चालते पण एक्स्पोर्ट केलेल्या गेममध्ये नाही, अशी स्थिती असेल तर तिच्या जोडफाइलमध्ये विंडोजची ‘डीबग’ ओळ आहे आणि ‘रिलीज’ ओळ नाही का, ते पाहा.

प्रश्न : युनिटी या गेम इंजिनात एक जुनं ॲक्सेसिबिलिटी प्लगिन घातलं. कन्सोलमध्ये लाल अक्षरांत इनपुटची तक्रार सारखी येते आणि ॲरोची बटणं मेन्यूत चालत नाहीत.
— गेम डेव्हलपर, बंगळुरू

उत्तर : प्लगिन जुना ‘इनपुट’ क्लास वाचतंय आणि तुमचा प्रोजेक्ट नव्या इनपुट सिस्टिमवर आहे. प्लेअर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्ह इनपुट हँडलिंग’ तात्पुरतं ‘बोथ’ करा, एडिटर पुन्हा सुरू होईल आणि एरर थांबतील. मग इव्हेंट सिस्टिमवर जुनं ‘स्टँडअलोन इनपुट मॉड्यूल’ राहिलं असेल तर ते काढून नव्या इनपुट सिस्टिमचं मॉड्यूल लावा, म्हणजे एकाच दाबण्यावर मेन्यू दोन घरं पुढे जाणार नाही. सोबत स्क्रीन रीडरच्या डीएलएल असतील तर प्रत्येकीच्या इन्स्पेक्टरमध्ये सीपीयू बरोबर निवडा; ३२ आणि ६४ बिटच्या दोन्हींवर ‘एनी’ ठेवलं की बिल्डमध्ये चुकीची जाऊ शकते.

फोनसाठी गेम करत असाल तर प्लगिनपेक्षा युनिटीचा स्वतःचा मार्ग घ्या. २०२३.२ पासून टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरसाठी ‘असिस्टिव्ह सपोर्ट’ आलं आहे. त्यात नोडचं एक वेगळं झाड आपण बांधतो आणि प्रत्येक नोडला नाव आणि चौकोन देतो. हा चौकोन पडद्याच्या मापात असतो. फोन आडवा केला, यादी सरकवली की तो नव्याने मोजावा लागतो. हे राहिलं की टॉकबॅकची चौकट एका बटणावर आणि स्पर्श दुसऱ्याच बटणावर, असा प्रकार होतो. स्क्रीन रीडर गेम चालू असतानाही सुरू-बंद होतो. त्याची घटना ऐका, सुरुवातीला एकदाच तपासून थांबू नका.

प्रश्न : डावीकडून उजवीकडे जाणारी बैलगाडी आवाजावरून ओळखता यायला हवी. ओपनएएल या आवाजाच्या लायब्ररीत जागा बदलते, आवाज मात्र मधोमधच राहतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आवाजाची फाइल स्टिरिओ असणार. ओपनएएल जागेप्रमाणे आवाज सरकवतं ते मोनो फाइलपुरतंच. स्टिरिओ आहे तशी वाजते. एफएफएमपेग या साधनाने चॅनल १ करून पुन्हा साठवा. पार्श्वसंगीत तेवढं स्टिरिओ ठेवा. एवढं करूनही एखाद्याच खेळाडूची तक्रार राहिली तर त्याच्या विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओखाली ‘मोनो ऑडिओ’ चालू आहे का विचारा. एका कानाने कमी ऐकणारे लोक ते मुद्दाम चालू ठेवतात. त्यांच्यासाठी दिशा आवाजाच्या उंच-खाली सुरानेही सांगण्याचा पर्याय द्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक उघडला की तोही मोनो होतो. आणि पायगेम १.९ वरचा जुना कोड असेल तर मिक्सरचं बफर बघा : २२०५० हर्ट्झला ४०९६ नमुने म्हणजे सुमारे १८६ मिलिसेकंदांचा उशीर. पायगेम २ मध्ये ४४१०० ला ५१२ आहेत, म्हणजे सुमारे १२. डोळ्यांनी खेळणाऱ्याला पहिला उशीर कदाचित खपेल. कानांनी खेळणारा तेवढ्यात बाद होतो.

प्रश्न : जॉज वापरणाऱ्यांना ॲरोची बटणं चालत नाहीत, एनव्हीडीएवाल्यांना इन्सर्ट चालत नाही, आणि पळण्यासाठी शिफ्ट दाबला की विंडोजचा संवाद उघडतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इन्सर्ट आणि कॅप्स लॉक ही स्क्रीन रीडरची बटणं आहेत. गेममध्ये त्यांना हात लावू नका. नंबर पॅडवरही मुख्य क्रिया ठेवू नका. सगळी बटणं बदलता येतील अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. जॉज कीबोर्ड आधी स्वतःकडे घेतो. इन्सर्ट आणि ३ दाबल्यावर पुढचं एक बटण तो गेमला सोडतो, त्यावरून अडथळा जॉजचाच आहे हे पक्कं होतं. कायमचा उपाय म्हणजे गेमच्या ईएक्सईच्या नावाची कीमॅप फाइल गेमबरोबर देणं. गेम स्वतःच्या आवाजात बोलत असेल तर एनव्हीडीएत स्लीप मोड आहे : एनव्हीडीए, शिफ्ट, एस; लॅपटॉप मांडणीत एसऐवजी झेड. सूचनापत्रात हे लिहा.

शिफ्ट पाचदा दाबला की स्टिकी कीज (एकेक बटण दाबून जोडबटणं वापरायची विंडोजची सोय) जागं होतं. गेम सुरू होताना विंडोजकडून स्टिकी कीजची सध्याची स्थिती वाचून साठवा, शॉर्टकटचा फ्लॅग काढा आणि बाहेर पडताना, गेम कोसळतानाही, मूळ स्थिती परत लावा. स्टिकी कीज आधीच चालू असेल तर मात्र काहीही बदलू नका. त्या माणसाला त्याची गरज आहे.

प्रश्न : ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर चालणारा गेम स्क्रीन रीडरसाठी करायचा आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : कॅनव्हास हे चित्रच, त्यातलं काही वाचलं जात नाही. मेन्यू आणि सेटिंग्ज साध्या एचटीएमएल बटणांनी करा. खेळातल्या सूचनांसाठी ‘एरिया-लाइव्ह’चा एक रिकामा डिव्ह पान उघडतानाच ठेवा, मजकुरासकट आयत्या वेळी जोडलेला डिव्ह बऱ्याचदा वाचला जात नाही. तोच मजकूर पुन्हा वाचायला हवा असेल तर आधी तो रिकामा करून थोड्या वेळाने भरा. पानाला ‘लँग’ एमआर द्या, म्हणजे एनव्हीडीए मराठी उच्चाराकडे वळू शकतो. खेळाच्या भागाला ‘ॲप्लिकेशन’ हा रोल आणि फोकस द्या. नाहीतर एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये (पान वाचण्याच्या अवस्थेत) राहतो आणि खेळाडूने एच दाबला की उडी मारण्याऐवजी पुढच्या मथळ्यावर जातो. आवाज पहिल्या क्लिकनंतरच सुरू होतो. ‘खेळ सुरू करा’ या बटणातच ऑडिओ कॉन्टेक्स्टचं ‘रिझ्यूम’ बोलवा.

प्रश्न : अल्पदृष्टी मुलांसाठी मोठी मराठी अक्षरं हवीत, पण पायगेममध्ये ‘किल्ला’ची वेलांटी क च्या पुढे जाते आणि ल्ल फुटतो.
— शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : देवनागरी अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी लागते. पायगेम २.२ पासून फाँटला ‘सेट स्क्रिप्ट’ने ‘देवा’ हा चार रोमन अक्षरी संकेत देता येतो. त्यासाठी एसडीएल टीटीएफ २.२० किंवा पुढचं हवं, आणि फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियमही हवेत. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता चालतो. गोडो ४ हे आपोआप करतं, गोडो ३ करत नाही. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्येही हीच वेलांटी सरकते. ठरलेला, न बदलणारा मजकूर असेल तर तो आधी चित्र म्हणून तयार करून घेणं चालतं, फक्त तोच मजकूर स्क्रीन रीडरलाही पाठवा. गेम पूर्ण पडद्यावर ठेवायचा तर बिनकाठाच्या खिडकीत ठेवा. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये विंडोजचं मॅग्निफायर नीट चालत नाही, आणि या मुलांना बहुतेक वेळा तेच लागतं.